जुन्या लष्करी बंदुकीची नळी बदलू नये : इतिहास त्या नळीतच असतो

#धागा

१/ समजा, धसईतील एखाद्या जुन्या घराचा माळा झाडताना गोणपाटात गुंडाळलेली लष्करी बंदूक सापडली. दस्ता शाबूत, नळी मात्र गंजलेली. परदेशी चित्रफिती पाहणाऱ्या तरुणाच्या मनात पहिला विचार येईल : घरच्या घरी नळी बदलून ती ‘पूर्ववत’ करावी. हा विचार मोहक आहे, आणि तितकाच चुकीचा.

२/ बंदुकीत नळीला इतके महत्त्व का? १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीचा व्यास .५७७ इंच होता आणि आतून तीन सर्पिल खाचा, म्हणजे आटे, पाडलेले होते. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि दूरवर नेम साधते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा १०० यार्डांच्या आसपास संपतो. एन्फिल्डचा त्याच्या कित्येक पट पुढे जातो.

३/ याच रायफलीचे चरबी लावलेले कागदी काडतूस १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण ठरले. उठाव चिरडल्यावर इंग्रजांनी काडतुसाइतकाच विचार नळीचा केला. हिंदी शिपायाच्या हाती बंदूक तर द्यायची, पण गोऱ्या सैनिकाच्या तोडीची द्यायची नाही, हा तो विचार.

४/ त्यातून १८५८ चा नमुना आला. एन्फिल्डच्याच नळीतील आटे खरवडून काढले आणि ती आतून गुळगुळीत केली. व्यास वाढून सुमारे .६५ इंच झाला. लांबचा नेम धरण्याची सरकती माशीही गेली. तिच्या जागी साधी, स्थिर माशी बसली. बाहेरून बंदूक तीच, आतून मात्र एक पिढी मागे ढकललेली.

५/ खरवडलेल्या नळ्यांच्या भिंती पातळ झाल्या आणि त्या लवकर खराब होऊ लागल्या. म्हणून १८५९ च्या नमुन्यात मुळातच जाड भिंतीची, परंतु आटे नसलेली नळी आली. म्हणजे अविश्वास कायम राहिला, फक्त त्याची बांधणी सुधारली.

६/ पुढेही क्रम तोच. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर आली. विसाव्या शतकात कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात .३०३ लष्करी रायफली पोलीस व पहारेकऱ्यांसाठी .४१० च्या गुळगुळीत नळीच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या ‘मस्केट’मध्ये बदलल्या गेल्या. काडतुसांच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवली.

७/ नळीवरचे हे नियंत्रण कायद्यातही उतरले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली. मूळ नियमांत युरोपीयांना मात्र सूट होती. धसई ज्या मुरबाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. निःशस्त्र केलेला समाज आणि सशस्त्र सत्ता यांतील अंतर या डोंगरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

८/ आता माळ्यावरच्या बंदुकीकडे पुन्हा पाहावे. आटे आहेत की नाहीत, भिंत पातळ आहे की जाड, व्यास किती, ठसे कोणते : ती कोणाच्या हाती दिली गेली याची साक्ष एवढ्यावरून मिळू शकते. नवी नळी चढवली की साक्षीदारच नाहीसा होतो. उरते ती बंदुकीची शोभेची नक्कल.

९/ यावर एक रास्त आक्षेप आहे. सैन्याने स्वतःच नळ्या बदलल्या, मग छांदिष्टाने का बदलू नये? उत्तर सोपे आहे. सैन्याने केलेला बदल धोरणाचा भाग होता. त्यामागे हुकूम होते आणि धातूवर ठसे उमटत होते. म्हणून तो बदलही इतिहासच आहे. घरात केलेला बदल नोंदीविना होतो आणि पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतो.

१०/ कायद्याचे म्हणणेही असेच आहे. जी जुनी, कालबाह्य बंदूक दुरुस्तीनंतरही चालू शकत नाही, तिला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे. नळी बदलून ती चालती केली की ही सूट संपते आणि हाती उरते ते विनापरवाना अग्निशस्त्र. बंदुकीचे भाग, दुरुस्ती आणि रूपांतर यांवरही याच कायद्याचे नियंत्रण आहे. ‘छंद’ हा त्यापुढे बचाव नव्हे.

११/ जिवाचा प्रश्न वेगळाच. ब्रिटनमध्ये नव्या नळीची बंदूक विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहात जादा दाबाने तपासावी लागते, कारण चुकीची बसलेली नळी बंदूकधाऱ्याच्याच तोंडासमोर फुटू शकते. घरच्या पडवीत ही परीक्षा होत नाही.

१२/ मग करावे काय? ठासणीच्या बंदुकीत जुना बार भरलेला असू शकतो. म्हणून चाप ओढू नये, नळीत काही घालू नये, नळीच्या तोंडासमोर उभे राहू नये. घासूनपुसून ठसे मिटवू नयेत. आहे तेथेच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. छायाचित्रे काढावीत, आणि ती कोणी, कधी, कोठून आणली हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. ती माणसे गेली की ही माहिती कोणत्याही कारखान्यात घडवता येणार नाही.

१३/ हिंदी माणसाच्या बंदुकीची नळी एकदा सत्तेने खरवडली. ती खरवडलेली नळी हाच त्या सत्तेविरुद्धचा पुरावा आहे. तो पुसण्याचे काम आता आपल्याच घरातील हौशी हातांनी करू नये. गंजलेली नळी अपूर्ण नसते. ती बोलत असते.