मागची सीट दोन मिनिटांत काढायची? आधी बोल्टचं गणित समजून घ्या

आठवडाभर दुकानाचं सामान, रविवारी घरची सात माणसं. एकाच गाडीकडून दोन्ही कामं करून घ्यायची, तर मागची सीट पाना न लावता, हाताने निघायला हवी. मागणी रास्त आहे. त्यावर गॅरेजमधला उपाय मात्र बहुतेक वेळा एकच असतो: कंपनीचे बोल्ट काढायचे आणि तिथे हाताने फिरवायचे विंग नट किंवा आरपार पिन बसवायची. खर्च किरकोळ, काम अर्ध्या तासाचं. यात नेमकं काय बिघडतं, ते पाहूया.

बोल्ट किती ताकद लावतो?

सीट जमिनीवर नुसती 'ठेवलेली' नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक १७ नुसार सीटची पकड तपासताना तिला किमान २० जी इतका धक्का ३० मिलिसेकंद दिला जातो. २० जी म्हणजे वजनाच्या वीसपट. २५ किलोची रिकामी सीट त्या क्षणी ५०० किलोच्या ताकदीने पुढे धावते. काही गाड्यांत पट्ट्याचं बकल सीटच्याच सांगाड्याला जोडलेलं असतं. तिथे ७० किलोच्या माणसाचा बराचसा भारही त्याच बोल्टवर येतो आणि हिशेब दीड-दोन टनांच्या घरात जातो.

आता नट बघा. १० मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट पान्याने साधारण ५० न्यूटन-मीटर आवळला, तर तो सीट आणि फ्लोअर यांना ढोबळमानाने अडीच टनांच्या जोराने एकमेकांवर दाबून धरतो. विंग नट बोटांनी कितीही पिळला तरी ३ न्यूटन-मीटरच्या आसपास थांबतो. दाब उरतो दीडशे किलो. त्यात आपले खड्डे आणि स्पीडब्रेकर. कमी आवळलेला नट हादऱ्यांनी हळूहळू सैल होत जातो आणि सीटवर बसलेल्याला ते कळतही नाही.

पिनचं दुखणं वेगळं. हाताने ओढून निघायची म्हणजे भोकात थोडी सैल हवीच. सैल म्हणजे खडखड आणि खडखडीने भोक मोठं होत जातं. सगळ्यात वाईट म्हणजे नव्या पट्टीसाठी फ्लोअरला पाडलेली भोकं. अनेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते आणि ड्रिलला ते माहीत नसतं.

मग कंपनीच्या सीट कशा निघतात?

निघतात, आणि उत्तम निघतात. २०१९ मध्ये भारतात आलेल्या रेनॉ ट्रायबरच्या तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही सीट हाताने सुट्या होतात. सातही सीट असताना डिकीत ८४ लिटर जागा, तिसरी रांग काढली की ६२५ लिटर. युरोपात याच कंपनीच्या एस्पासमध्ये १९८४ पासून मागच्या सीट काढता येत होत्या. कल्पना नवी नाहीच.

अशा सीटमध्ये सहसा दाराच्या कुलपासारखी रचना असते. फ्लोअरला घट्ट बसवलेला पोलादी दांडा आणि सीटखाली त्याला कवेत घेणारा आकडा. आकड्याचं तोंड असं घडवलेलं असतं की धक्का बसला तरी ते उघडत नाही. उघडायचं तर खिट्टीच ओढावी लागते. गॅरेजमध्ये हे बनवता येईल का? बनवता येईल, पण धडक देऊन तपासता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२अ नुसार ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याच्या व्याख्येत 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला फेरफार. माझ्या वाचनानुसार मूळ बोल्टने सीट काढणं-लावणं यात बसत नाही. वेल्डिंग करून नवी पट्टी जोडणं मात्र बसू शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

पण नुसत्या मनाईने गरज संपत नाही. सीएनजी किट बाहेरून बसवता येतं, कारण मान्यताप्राप्त संस्था ते तपासतात, अधिकृत केंद्र बसवतं आणि आरसीवर नोंद होते. कलम ५२ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला अशा मंजूर रेट्रोफिटचे निकष ठरवण्याचा अधिकारही दिला आहे. मग सीटच्या खिट्टीसाठी तपासलेलं किट का नको? पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था असताना हे अशक्य वाटत नाही. आज गॅरेजात चोरून होणारं काम तरी उजेडात येईल.

तोवर मार्ग साधा आहे. सॉकेट, रॅचेट आणि टॉर्क रेंच घ्या. सीटखाली वायरचा कनेक्टर असेल तर आधी इग्निशन बंद करून बॅटरीची तार काढा. सीट परत लावताना मूळचेच बोल्ट वापरा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा. सवय झाली की काम पंधरा-वीस मिनिटांचं. सीट काढलेल्या जागी माणसं बसवू नका. सामान दोरीने बांधाच: याच नियम १७ मध्ये सीटच्या पाठीवर १८-१८ किलोचे दोन ठोकळे ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत आदळवून पाहतात. मधली सीटच काढली असेल, तर मागचं सामान आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये फक्त ड्रायव्हरच्या सीटची पाठ उरते.