फी माफ झाली, मेसचं काय?

दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेल्या मुलामुलींना आपण विचारतो, अभ्यास कसा चाललाय, पेपर कसे गेले. यंदा आणखी एक विचारा: शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का, आणि भरला असशील तर तो आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे, समाजकल्याण कार्यालयात पोचलाय, की त्रुटी दाखवून परत आलाय आणि तुला पत्ताच नाही? फराळाच्या वेळी काढण्याचा हा विषय नव्हे, असं कोणी म्हणेल. पण बारावीनंतरचं शिक्षण महाग झालं आहे, मदतीच्या योजना पूर्वी कधी नव्हत्या इतक्या आहेत, आणि तरीही पात्र असलेली मुलं पैशापायी शिक्षण सोडून गावी परततात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, या प्रश्नाला आम्ही यंदाचा सबंध अंक वाहिला आहे.

शिष्यवृत्ती म्हटलं की महाराष्ट्राला आठवतं ते १९१३ साल. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड. परतल्यावर १० वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. पुढची तितकी सांगितली जात नाही. कोलंबियाहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये तो अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. कराराप्रमाणे ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, पण त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला धड खोली मिळाली नाही. मुंबईत येऊन त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये लंडन पुन्हा गाठलं.

इतक्या तोलामोलाच्या विद्यार्थ्यालाही एका शिष्यवृत्तीवर शिक्षण पुरं करता आलं नाही. शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, हितचिंतकाची मदत आणि मित्राचं कर्ज असे चार ठिकाणचे पैसे जुळले तेव्हा ते झालं. हे ज्यांनी भोगलं होतं, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. महाडीबीटी पोर्टलवर आजचा विद्यार्थी जी ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ निवडतो, ती हीच.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की कळली होती. मुलगा वर्गात बसण्याआधी तो जेवणार कुठे आणि निजणार कुठे, हे ठरावं लागतं. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. पण ती सोय मुख्यतः एका जातीपुरती होती, बाकीच्यांसाठी ते दार उघडत नव्हतं. म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना राबवून दाखवली. अमरावतीला पंजाबराव देशमुखांचं श्रद्धानंद छात्रालय, पुण्यात १९५५ पासून अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी सहाय्यक समिती. या सगळ्यांनी आधी चूल पेटवली, पुस्तकांचा विचार त्यानंतर केला. आजच्या शासन निर्णयांत मात्र शुल्काला पहिलं स्थान आहे आणि पोटाला शेवटचं. आमची मुख्य तक्रार हीच आहे, पण तिच्याकडे वळण्याआधी पात्रतेचं काय ते पाहू, कारण पुष्कळ मुलं त्याच उंबऱ्यावर अडखळतात.

आठ लाख हा आकडा घ्या. ओबीसी विद्यार्थ्याच्या नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी २०१७ पासून ही वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, पण तिथे आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यालाही आठ लाखच. तिथे पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेलाही आठ लाखांचीच मर्यादा, आणि तिच्यात खुल्या गटातल्या विद्यार्थ्याच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. परिणाम असा होतो की नऊ लाख पगार असलेल्या वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याच्या मुलीला नॉन-क्रीमीलेअर मिळू शकतं, ओबीसीची जागाही मिळते, आणि मग शुल्काच्या सवलतीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला की तोच पगार आडवा येतो. घरच्यांना वाटतं, कारकुनानं अडवलं. तसं नसतं. एकाच आकड्याचे तीन हिशेब आहेत आणि ते कुणी समजावून सांगितलेले नसतात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे, २०१३ पासून तीच. महिन्याला भागून पाहा, २० हजार ८३३ रुपये पडतात. बाप एमआयडीसीत कंत्राटी कामाला आणि आई चार घरची धुणीभांडी करणारी, दोघांचे मिळून महिन्याला एकवीस हजार होत असले तर ते घर कागदोपत्री ‘मर्यादेबाहेर’ जातं. एवढ्या वर्षांत गॅसपासून एसटीच्या पासापर्यंत सगळं वाढलं, मर्यादा तेवढी जागची हलली नाही. पण इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्यानं नुकसान होतं. अडीच लाखांच्या वर गेलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. महाराष्ट्रात त्याच विद्यार्थ्याला फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची योजना, मिळते. पोर्टलवर ती वेगळ्या नावानं असते आणि अर्ज वेगळा करावा लागतो. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज नामंजूर झाला की मूल समजतं, आपण पात्रच नव्हतो.

आता जवळून पाहिलेलं एक उदाहरण. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ऐन अर्जाच्या दिवसांत आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात. ओटीपी वडिलांच्या फोनवर, फोन उसाच्या फडात, रेंज नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला, नवा काढायचा तर वडील हवेत. टीसीवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, म्हणून प्रतिज्ञापत्र. हे सगळं तिनं निस्तरलं, अर्ज मंजूर झाला, ‘रक्कम जमा’ असं पोर्टलवर दिसू लागलं, आणि पासबुकात काही नाही. कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या काकांनी तिला समोर बसवून बघितलं. “अगं, तुझं खातं आधारला जोडलेलं आहे, पण सीडिंग दुसऱ्याच बँकेचं दिसतंय.” “काका, त्या बँकेत माझं खातंच नाही.” “आहे. सिम घेताना अंगठा दिला होतास ना? तेव्हा उघडलंय.” पैसे त्या खात्यात सुखरूप होते. ती हॉस्टेलवर कुणाकडून तरी उसने घेऊन जेवत होती.

सरकारी मदत आता आधार क्रमांकावर जाते. ज्या बँकेचं सीडिंग, म्हणजे सरकारी रकमांसाठीची आधार-जोडणी, सगळ्यात शेवटी झालं तिथे रक्कम पडते, अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याला अर्थ राहत नाही. अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर आपलं खातं कोणत्या बँकेशी जोडलेलं दिसतं ते पाहून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि त्या काकांसारख्या माणसांना, जे एकट्याच्या लॉगिनवर कॉलेजभरच्या पोरांचे अर्ज तपासतात आणि तरी एखादीला समोर बसवून घेतात, आम्ही या अंकातून मनापासून नमस्कार करतो.

मुलींच्या शिक्षणापुरतं बोलायचं तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मोठा आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क त्यानं शंभर टक्के माफ केलं. आम्ही त्याचं स्वागत केलं होतं आणि आजही करतो. मात्र त्याला अट आहे ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला, की ही सवलत नाही. ‘सीट जाईल, आत्ता पैसे भरून घ्या’ असं सांगणाऱ्या एजंटाच्या घाईत कित्येक बाप हा हक्क गमावून बसतात. कॅप राउंडची यादी लागेपर्यंत थांबायला धीर लागतो. तो धीर घरातल्या मोठ्यांनी द्यायचा.

आणि शुल्क माफ झालं तरी मेसचं बिल माफ होत नाही. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१ च्या नियमांनुसार वसतिगृहात राहून पदवी किंवा पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रम करणाऱ्याला वर्षाला १३ हजार ५०० रुपये निर्वाहाचे मिळतात. महिन्याला ११२५. पुण्यात किंवा संभाजीनगरात एवढ्यात दोन वेळची मेस महिनाभर कुठे मिळते, हे आम्हाला कुणी दाखवावं. शिवाय ही रक्कम येते वर्ष सरता सरता, भूक असते जुलैपासून. त्याच नियमांप्रमाणे केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात जमा होतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. घरी कुणी आजारी असलं, उसनवारी अंगावर असली, तर ती फी तिकडे वळते, आणि मग परीक्षेच्या तोंडावर कॉलेज हॉल तिकीट अडवतं. दोष कुणाचा ठरवायचा? उपाशी मुलाच्या हातात दुसऱ्याचे पैसे ठेवून त्यानं ते जपावेत, ही अपेक्षाच क्रूर आहे.

जेवणाखाण्याचा नीट विचार केलेली एक योजना आपल्याकडे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. २०१६-१७ पासूनची. सरकारी वसतिगृहात अर्ज केला पण जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात: ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार इतर खर्चाचे. ज्यानं कुणी ही विभागणी केली त्यानं खोलीभाडं आणि डबा यांचा हिशेब कधीतरी स्वतः मांडलेला असणार. आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, याच धर्तीवर आहेत. ही रक्कम सत्र सुरू होताना हाती पडली आणि महागाईप्रमाणे वाढत गेली, तर शिक्षण सुटण्याची निम्मी कारणं तिथेच मिटतील, असं आमचं मत आहे. वसतिगृहाचा अर्ज नामंजूर झाल्याची नोंद स्वाधारसाठी लागते, म्हणून जागा मिळणार नाही हे ठाऊक असलं तरी वसतिगृहाला अर्ज करायचाच.

खुल्या गटातल्या हुशार मुलांनीही हात बांधून बसू नये. बारावीला आपल्या मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्याला केंद्राची शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२ हजार रुपये देते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. तंत्रशिक्षणातल्या मुलींना एआयसीटीईच्या प्रगती योजनेतून वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोघींपर्यंत. कर्जाची पाळी आलीच तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. शेत गहाण टाकण्याआधी हे विचारून घ्यावं.

या अंकात वसतिगृहांत राहून शिकलेल्यांच्या आठवणी आहेत, शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसणाऱ्यांच्या मुलाखती आहेत, कथा-कविता नेहमीसारख्या आहेतच. शेवटच्या पानांवर योजनांची यादी दिली आहे: कोणासाठी, किती उत्पन्नापर्यंत, कोणते कागद, कोणत्या पोर्टलवर. तारखा दर वर्षी बदलतात, त्या पोर्टलवरच पाहाव्यात. ती पानं कापून घ्या, गावच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या फलकावर, ज्युनिअर कॉलेजच्या भिंतीवर लावा. झेरॉक्स काढून वाटा. त्यासाठी आमच्या परवानगीची गरज नाही.