एक ते बारा टक्के

डॅप्सोन सुरू झाल्यावर काही रुग्णांना साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात ताप येतो, अंगभर पुरळ उठते, लसिकाग्रंथी सुजतात, डोळे पिवळे दिसू लागतात. कुष्ठरोगाचाच रुग्ण असल्याने पहिला संशय ‘रिअॅक्शन’वर जातो. मग स्टेरॉइड सुरू होते आणि एमडीटीच्या पाकिटातली डॅप्सोनची गोळी मात्र रोज पोटात जात राहते.

चिनी संशोधकांनी २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॅप्सोनच्या या अतिसंवेदनशीलतेचा संबंध एचएलए-बी १३:०१ या जनुकप्रकाराशी असल्याचे दाखवले. युरोपीय आणि आफ्रिकी लोकांत हा प्रकार जवळजवळ नाहीच. जपानी लोकांत तो सुमारे दीड टक्का, चिनी लोकांत २ ते २० आणि भारतीयांत १ ते १२ टक्के आढळतो.

हा शेवटचा आकडा पाहून थबकायला हवे. बारा पटींचा फरक पोटात घेतलेल्या आकड्याची सरासरी काढून ती कोणाला लावणार? पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जातीजमातीत लग्ने करणाऱ्या समाजांना ‘भारतीय’ या एका रकान्यात बसवणे सोयीचे असेल, शास्त्रीय नव्हे. (आडनावावरून जोखीम ठरवणे तर त्याहून वाईट.)

या जनुकप्रकाराची चाचणी सर्वत्र व्हावी, हे म्हणणे सोपे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आज होत नाही. झाली तरी तिची संवेदनशीलता सुमारे ८५ टक्के, म्हणजे सातातला एक रुग्ण निसटणारच. त्या अभ्यासात हा प्रकार नसलेल्यांची जोखीम १.४ वरून ०.२ टक्क्यावर आली, शून्यावर नाही.

तोवर हातात आहे ते करू. पाकीट देतानाच ताप-पुरळीची कल्पना रुग्णाला आणि आशाताईंना द्यावी. संशय येताच डॅप्सोन थांबवावे. रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमीनचे काय करायचे, ते यकृताची तपासणी पाहून ठरवावे. घरात आणखी कोणाला डॅप्सोन सोसले नव्हते का, हे आवर्जून विचारावे: एकाच घरात दोन रुग्ण आपल्याला नवे नाहीत आणि सख्ख्या भावंडात तोच जनुकप्रकार असण्याची शक्यता निम्मी तरी असते.

अशा रुग्णांच्या नोंदींसाठी पुढील अंकापासून एक पान राखून ठेवत आहोत. तालुका, औषध सुरू केल्याचा आणि लक्षणे दिसल्याचा दिवस, यकृताचे अहवाल एवढे कळवा. रुग्णाचे नाव नको.