मिटलेले पाकीट

खुशाली पोस्टकार्डावर लिहावी आणि मनातले पाकिटात घालावे, हा आपल्या घरांतला जुना रिवाज. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शके. पाकीट मात्र ज्याच्या नावाचे, त्यानेच फोडायचे. पाकीट चिकटवणाऱ्यावर संशय कोणी घेत नसे.

आज पत्राची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशाने घेतली आहे. सिग्नल, व्हॉट्सॲप यांसारख्या सेवांत संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच सांकेतिक रूप धारण करतो आणि ज्याला तो पाठवला त्याच्या फोनमधील किल्लीनेच उलगडतो. ही किल्ली कंपनीजवळही नसते. वाटेत कोणी संदेश अडवला, तर त्याच्या हाती निरर्थक अक्षरेच लागतात. व्हॉट्सॲपने २०१६ साली ही व्यवस्था सर्वांना लागू केली. अर्थात या कुलपालाही मर्यादा आहेत. कोण कोणाशी केव्हा बोलले, याची नोंद मागे उरू शकते; उघडा राहिलेला फोन कोणीही वाचू शकतो.

‘ज्याचे मन स्वच्छ, त्याला लपवायचे काय?’ असे काही जण विचारतात. परंतु रुग्णाने वैद्याला, अशिलाने वकिलाला, सासरच्या मुलीने आईला सांगितलेले चारचौघांत यावे काय? गुन्हेगारही या आडोशाचा लाभ घेतात, ही तपास यंत्रणांची अडचण खरी आहे. तरीही त्यांच्यासाठी ठेवलेली चोरवाट चोरालाही सापडते. एकाचे कुलूप सैल करताना सर्वांचीच कुलपे सैल होतात.

शिवाय हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असा कौल जबलपूरच्या उच्च न्यायालयाने दिला होता. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर’ या नावाने गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे सेवाज्येष्ठता असूनही खन्नांना सरन्यायाधीशपद नाकारले गेले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्याच निकालपत्रात जबलपूर खटल्याचा निर्णय चुकीचा ठरवून रद्द करण्यात आला, आणि तसे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. खासगीपणाच्या खटल्यात तुरुंगवासाचा जुना निर्णय का आठवावा लागला? कारण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: माणसाचे स्वातंत्र्य ही राज्यसंस्थेने दिलेली देणगी आहे, की ते त्याच्या जन्माबरोबरच येते?

कुलूप तंत्रज्ञ घडवतात. ते कोणी, केव्हा, कोणाच्या आज्ञेने उघडावे, हे मात्र कायदा ठरवतो. कायद्यातली एक चूक दुरुस्त व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली. म्हणून फोनमधील कुलपावर विसंबून नागरिकाने निश्चिंत राहू नये. मिटलेल्या पाकिटाचा मान समाज राखतो, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने मिटलेले राहते.