एक्सप्लेनर : पंचाचा निर्णय चुकला, तरी लाथ माफ का होत नाही?

नोव्हेंबर 2023. धाराशिवच्या मैदानात शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. एकाच वर्षातली ही त्याची दुसरी गदा. गर्दीने त्याला डोक्यावर घेतलं. जेमतेम सव्वा वर्षानंतर, 2 फेब्रुवारी 2025 रोजी, याच मल्लाचा एक व्हिडिओ धाराशिवकरांच्या मोबाइलवर येऊन धडकला. या वेळी मैदान अहिल्यानगरचं होतं आणि व्हिडिओत शिवराज पंचाला लाथ मारताना दिसत होता.

ज्याला आपण खांद्यावर घेतलं, त्याच्या या वागण्याकडे चाहत्याने कसं पाहायचं? समजून घेऊया.

नेमकं काय घडलं होतं?

अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेसमोर पृथ्वीराज मोहोळ होता. पंचांनी पृथ्वीराजला चितपटीवर विजयी घोषित केलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ पाहा, अशी शिवराजची मागणी होती. वाद वाढला, त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली.

प्रकरण तिथेच थांबलं नाही. किताबाच्या लढतीत पृथ्वीराजसमोर सोलापूरचा महेंद्र गायकवाड होता. काही सेकंद बाकी असताना पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन महेंद्रने मैदान सोडलं. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी घातली.

त्यानंतर चाहत्यांत सरळ दोन तट पडले. दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी शिवराजची बाजू घेत आपल्या दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली. दुसरीकडे, पंचावर पाय उचलणाऱ्याला आखाड्यात जागाच नको, असं म्हणणारेही कमी नव्हते.

नियम काय सांगतो?

चितपट म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकवून धरणं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हा निर्णय एकट्या माणसाचा नसतो. गादीवर रेफ्री असतो, बाजूला जज आणि मॅट चेअरमन बसलेले असतात. रेफ्रीने चितपट दिली, तरी बाकीच्यांची संमती लागते. गुणांच्या निर्णयावर आक्षेप असेल, तर मल्लाचा प्रशिक्षक ‘चॅलेंज’ घेतो. मग व्हिडिओ पाहिला जातो. चॅलेंज फसलं, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो.

लढत संपल्यावर निकाल जाहीर होईपर्यंत मल्लाने गादीवर थांबायचं आणि प्रतिस्पर्ध्याशी, पंचाशी हात मिळवायचा, हेही नियमातच आहे. हरलेल्यालाही त्यातून सूट नाही.

इतरांना काय शिक्षा झाली?

मे 2022 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेची निवड चाचणी सुरू होती. 125 किलो गटाची लढत हातून गेल्यावर सतेंदर मलिकने पंचांवर हात उचलला. भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजीवन बंदी घातली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्युबाचा तायक्वांदो खेळाडू आंखेल मातोसने पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्यालाही आजीवन बंदी झाली.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं एक उदाहरण मात्र वेगळी वाट दाखवतं. 2021 च्या बाद फेरीच्या सामन्यात टोबी ग्रीन हा खेळाडू पंच मॅट स्टेविक यांच्याशी वाद घालत अंगावर गेला आणि त्याचा खांदा पंचांना लागला. लाथ नाही, ठोसा नाही, फक्त धक्का. तरीही प्रकरण लीगच्या न्यायाधिकरणासमोर गेलं, रीतसर सुनावणी झाली आणि तीन सामन्यांची बंदी बसली. ही शिक्षा कमी आहे, असं म्हणत लीगनेच अपील केलं आणि बंदी सहा सामन्यांची झाली. ग्रीनने ती भोगली, मैदानात परतला आणि पुढे त्याच संघाचा कर्णधार झाला.

या प्रकरणात तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पंचाच्या अंगाला लागणं हीच सीमा मानली गेली. शिक्षेआधी खेळाडूचं म्हणणं ऐकलं गेलं. आणि शिक्षा संपल्यावर दार उघडं राहिलं.

पण पंचच चुकला असेल तर?

चाहत्यांचा खरा सवाल हाच आहे. पंच चुकतात. वर्षभर घाम गाळलेल्या मल्लाचं स्वप्न काही सेकंदांत हातातून जातं. त्याचा संताप खोटा म्हणता येणार नाही.

तरीही चुकीचा निर्णय आणि लाथ ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही. लाथ मारून निर्णय बदलला नाहीच, उलट शिवराजचा मूळ आक्षेपच मागे पडला. खांदे टेकले होते का, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी चर्चेत असायला हवा होता. चर्चा झाली ती लाथेची. अन्याय झाला असेल, तर त्याचा सगळ्यात मोठा पुरावा मल्लाने स्वतःच्याच पायाने झाकून टाकला.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना एका लांबलेल्या लढतीनंतर लगेच पुढच्या लढतीला उभं राहावं लागलं. नियमाने मिळणारी विश्रांती मागायला एकही भारतीय पदाधिकारी जागेवर नव्हता, असं सांगितलं जातं. ते ती लढत हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. दाद मागायला कुणी नसणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? ती कथा आजही अभिमानाने सांगितली जाते, कारण तिच्यात खाली मान घालावी असं काही नाही.

श्रद्धाळू चाहत्याने माफ करायचं का?

कुस्तीचा चाहता बहुधा श्रद्धाळू असतो. तालमीत मारुती असतो. आखाड्यात उतरताना माती कपाळाला लागते. धाराशिव जिल्ह्यात जत्रेचा फड नारळाच्या कुस्तीने सुरू होतो आणि तिथला पंच बहुतेकदा गावातलाच जुना मल्ल असतो. त्याचा शब्द चालतो, कारण त्याच्यावर हात उचलणाऱ्याला पुढच्या गावात कुणी जोड देत नाही. तिथे हीच बंदी, कागदावर न लिहिलेली.

पण क्षमा हाही श्रद्धेचाच भाग आहे. पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागणं आहे. हा वाद जिथे झाला, ते अहिल्यानगर मराठी ख्रिस्ती समाजाचंही जुनं केंद्र आहे. या समाजाच्या श्रद्धेत क्षमेला फार मोठं स्थान. तरी लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय नुसतं ‘चुकलो’ म्हणून थांबत नाही. ज्यांना लुबाडलं, त्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवतो. म्हणजे क्षमा आहे, पण भरपाई टळत नाही.

चाहत्यालाही हाच हिशेब लावता येतो. शिवराज वाईट माणूस आहे, असं म्हणायचं कारण नाही. धाराशिवच्या विजयाआधी जेमतेम दहा दिवस, पुण्याजवळच्या फुलगावला तो सिकंदर शेखकडून किताबाची लढत हरला होता. तो पराभव त्याने पचवला आणि धाराशिवला येऊन जिंकला. तो शिवराज आवडता असू शकतो आणि अहिल्यानगरची लाथ तरीही चूकच राहते.

चाहत्यांची काही जबाबदारी?

आहे. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतल्या गुणांवरून सोशल मीडिया पेटला होता. तेव्हा पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. लाथ मल्लाने मारली, पण ‘पंचाला धडा शिकवा’ ही हवा तयार करणाऱ्यांत मोबाइल हातात घेतलेले चाहतेही असतात.

आता काय व्हायला हवं?

आयोजकांनी लाखोंची बक्षिसं आणि गाड्या जाहीर करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. चितपटीसह प्रत्येक वादग्रस्त निर्णय सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवावा आणि आक्षेप ऐकायला मैदानातच एक समिती बसवावी. बंदी घालण्याआधी मल्लाचं म्हणणं ऐकावं, पंचाच्या चुकीचीही तितकीच कडक तपासणी व्हावी. आणि पंचाच्या अंगाला हात लागला की शिक्षा ठरलेली असावी, मग समोर नवखा मल्ल असो वा दोन गदांचा मानकरी.

येत्या जत्रांमध्ये पुन्हा हलगी वाजेल, पुन्हा एखादा निर्णय पटणार नाही. तेव्हा तालमीतल्या पोरांना फोनमधला कुठला व्हिडिओ दाखवायचा, हे आजच ठरवता येईल. धाराशिवचा, की अहिल्यानगरचा?