पाळणा हलावा म्हणून घेतलेल्या गोळ्या

लग्नाला दोन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही की कुजबुज सुरू होते. मग कोणी शेजारीण म्हणते, "माझ्या भाचीला या गोळीने गुण आला," आणि चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या घरी येतात. आमच्या माता-भगिनींना आज या गोळ्यांविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. गोळ्या वाईट नाहीत, पण त्यांचा गुण माहीत हवा तसा त्रासही माहीत हवा.

यातली जुनी गोळी म्हणजे क्लोमिफेन. अमेरिकेत तिला १९६७ साली मान्यता मिळाली. ज्या बाईचे स्त्रीबीज दर महिन्याला नीट तयार होऊन बाहेर पडत नाही, तिला ही गोळी देतात. अंगात स्त्री-संप्रेरक कमी आहे असे ही गोळी मेंदूला भासवते, मग मेंदू बीजकोशाला जोराने कामाला लावतो. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुरू करून ती पाच दिवस घेतात.

या काळात अंगातून गरम वाफा निघतात. साधारण दहात एकीला हा त्रास होतो. कोणाचे पोट फुगते, डोके दुखते, मळमळते. चिडचिड होते, उगीच रडू येते. घरच्यांनी "सून हल्ली तोंडाळ झाली" असे म्हणू नये. तो तिचा स्वभाव नसून औषधाचा परिणाम असू शकतो.

डोळ्यांपुढे अंधुक दिसले, ठिपके किंवा चमका दिसल्या तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तोवर शिलाई मशीनवर किंवा कारखान्यातल्या यंत्रावर बसू नये.

या गोळीने राहिलेल्या शंभर गर्भांत सात-आठ वेळा जुळे असते. जुळ्यांत बाळंतपण लवकर होण्याचा व बाळे वजनाने कमी भरण्याचा धोका असतो. म्हणूनच मधे सोनोग्राफी करून बीज किती वाढले ते पाहतात. पैसे वाचवायला ती तपासणी टाळू नये.

गोळीने काम झाले नाही तर इंजेक्शने देतात. त्यांत बीजकोश फार सुजण्याचा धोका अधिक. पोट झपाट्याने फुगले, फार दुखले, सारखी उलटी झाली, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जावे.

दुसरी गोळी लेट्रोझोल. ही मुळात स्तनाच्या कर्करोगावरची, म्हणून नाव ऐकून बाया घाबरतात. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली आणि २०१७ साली ती उठली. बीजकोशात गाठीगाठी दिसणाऱ्या, म्हणजे पीसीओडीच्या ७५० स्त्रियांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोलने शंभरांत सुमारे २७ जणींना मूल झाले, तर क्लोमिफेनने १९ जणींना. हिने थकवा व चक्कर येऊ शकते.

कोणतीही गोळी पुन्हा सुरू करण्याआधी गर्भ राहिलेला नाही याची खात्री करावी. क्लोमिफेनचे साधारण सहा फेरे झाले की थांबून पुढचा विचार करतात. वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत.

आता बंधूंना एक सांगणे. मूल न होण्यात पुष्कळदा पुरुषाकडेही कारण असते. वीर्याची तपासणी साधी आहे, तिला सुई लागत नाही. ती न करताच बायकोला महिनोन्‌महिने गोळ्या खायला लावणे हा अन्याय आहे. तिच्या अंगातून वाफा निघाव्यात, डोळ्यांपुढे अंधारी यावी, आणि दोष निघावा दुसरीकडेच! पहिल्या चिठ्ठीच्या आधी दोघांनी मिळून दवाखान्यात जावे, दोघांच्याही तपासण्या कराव्यात. आणि "वांझ" हा शब्द आपल्या घरातून कायमचा हद्दपार करावा.