हात फिरवला का?

आमच्या कोकोची फाइल बघाल तर थक्क व्हाल! माझा स्वतःचा पासपोर्ट या क्षणी कुठे आहे ते मला सांगता येणार नाही, पण कोकोचं सगळं जागच्या जागी. लसीचं पुस्तक, त्यात चिकटवलेली बाटल्यांची लेबलं, जंतांच्या गोळीच्या तारखा, महापालिकेचा परवाना, वर प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. ऑफिसात कुणी नवीन पिल्लू आणलं की सल्ल्याला माझ्याकडे येतं. मीही जरा भाव खात तोंडपाठ म्हणून दाखवते : सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, तीन महिन्यांचं झालं की रेबीज, आणि वर्षाने पुन्हा बूस्टर.

तर अशा या आदर्श पालकाची गेल्या पावसाळ्यात कळंबला जी शोभा झाली, ती आज सांगते.

कळंब म्हणजे इंदापूर तालुक्यातलं हं. धाराशिवकडचं वेगळं आणि आंबेगावातलंही वेगळं. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलात की जंक्शन नावाचं गाव येतं (होय, गावाचंच नाव जंक्शन!). तिथून आत वळलं की वालचंदनगर आणि त्याला लागून आमचं कळंब. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, हे मी ऑफिसात फुशारकीने सांगते. आत्याला त्याचं काडीचं कौतुक नाही. तिची दुनिया म्हणजे गोठा, ऊस आणि दाराशी बसलेली चंपी. चंपी ही वस्तीवरची कुत्री. जात विचाराल तर अस्सल गावठी, आणि तिच्या फाइलबिइलचा तर प्रश्नच नाही.

जुलैत आमच्या टीमची गोव्याला ऑफसाइट होती. तेवढे चार दिवस कोकोला पुण्यातल्या एका बोर्डिंगमध्ये ठेवलं आणि परत आल्यावर तिला घेऊन थेट आत्याकडे. लॅपटॉप, डोंगल आणि कोको. वर्क फ्रॉम होम, पण दुसऱ्याच्या होममधून! पहिले चार-पाच दिवस बाईसाहेब जाम खूश. चारीच्या पाण्यात डुंबणं, वासरांवर भुंकणं, चंपीच्या मागे उसात घुसणं. मग एका सकाळी तिने भाकरी हुंगली आणि खाटेखाली जाऊन झोपली.

मी म्हटलं, दमली असेल. दुपारी म्हटलं, पाणी बदललं ना, त्यामुळे असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मी दिवसभर कॉलवर असते म्हणून रुसलीय. लॅब्रेडॉरने दोन दिवस जेवण नाकारणं म्हणजे पुणेकराने दुपारी जागं राहण्यासारखं आहे, हे मला कळायला हवं होतं. पण क्लायंटचं प्रेझेंटेशन होतं. आणि आजही लाज वाटते ती याची, की त्याच दिवशी मी तिचा पोट वर करून झोपलेला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. खाली कॅप्शन, 'मंडे मूड'. लाइक्सही सॉलिड आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकातून रक्ताचा एक थेंब फरशीवर पडला.

आत्या गोठ्यातून हात पुसत आली. 'कवापासून खात न्हाई ही?' मी रुसण्याची थिअरी मांडली. 'रुसायला ती काय तुझ्यासारखी हाय व्हय? जनावर खात न्हाई म्हंजे दुखतंय कायतरी. हात फिरवलास का अंगावरनं?'

नव्हता फिरवला. म्हणजे लाड रोज करत होते, डोक्यावर थोपटत होते. पण आत्याचा हात फिरतो तसा नाही. ती मानेपासून सुरू झाली. केस उलटे करत, बोटांच्या टोकांनी चाचपत. कानाची पाळी उलटली, तर आतल्या घडीत तीन गोचीड. पुढच्या पंज्याच्या बोटांमध्ये आणखी दोन, हरभऱ्याच्या डाळीएवढे फुगलेले. मग तिने कोकोचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या पांढरट पडल्या होत्या. शेवटी पोट. पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मी मोबाइल काढून आदल्या दिवशीचा फोटो मोठा करून पाहिला. ठिपके त्यातही होते. 'मंडे मूड' म्हणून मी जगाला दाखवले ते.

गावातल्या पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्येच जातो. लॅब्रेडॉर बघून ते थोडे हसले. थर्मामीटर लावला मात्र, हसू गेलं. १०४. (कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं. हात लावून 'ताप आहे' म्हणू नका. फार्मसीतला साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा आणि तो तिच्यासाठी वेगळा ठेवायचा, सांगायला नको!) रक्त बारामतीला तपासायला गेलं. प्लेटलेट्स २८ हजार. धडधाकट कुत्र्याच्या पावणेदोन लाखांच्या वर, अगदी पाच लाखांपर्यंत असतात. हा शब्द ऐकला की आपल्याला डेंग्यू आठवतो. डॉक्टर म्हणाले, तसंच समजा, फक्त इथे डासाच्या जागी गोचीड.

आजाराचं नाव एर्लिकिओसिस. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. हे जंतू कुत्र्यात पहिल्यांदा सापडले ते १९३५ साली अल्जीरियात. १९६० च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराची उत्तम निगा राखलेली कुत्री नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने दगावली, तेव्हा जगाला त्याची खरी दहशत बसली. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, खाणं जातं, अंग गळतं. कित्येकदा हे सगळं आपोआप ओसरतं आणि मालक म्हणतो, झाली बरी! पण जंतू आतच दबा धरून राहतो, कधी महिने तर कधी वर्षं. मग एक दिवस अस्थिमज्जेवर घाला घालतो, आणि तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फारसं उरत नाही. आमचं नाकातलं रक्त वेळेत दिसलं म्हणून. औषध तसं जुनं आणि स्वस्त : डॉक्सिसायक्लिन, चार आठवडे, रिकाम्या पोटी नाही. चौथ्या दिवशी जरा तरतरी आली म्हणून कोर्स सोडायचा नाही. त्याच गोचिडातून बबेसियासुद्धा येतो, त्याची औषधं वेगळी. म्हणून रक्त तपासायचं, 'गोचीड ताप' म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणायच्या नाहीत.

मी अर्थातच खापर गावावर फोडायला तयार होते. गोठा, शेण, ऊस, अजून काय हवं? डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, 'पुण्यात कुठे ठेवली होती का?'

मंडळी, इथे माझ्या ज्ञानाचे तीन-तेरा वाजले. गाईच्या अंगावरचा गोचीड वेगळ्या जातीचा, त्याला कुत्र्यात फारसा रस नसतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड हा मुळात घरबशा! त्याला गवतापेक्षा भिंती आवडतात. रक्त पिऊन झालं की तो खाली उतरतो आणि फटीत, दाराच्या चौकटीमागे, कुंडीखाली जाऊन बसतो. मादी तिथे हजारो अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीची वसाहत घरात. जिथे वीस कुत्री येतात-जातात अशी जागा म्हणजे त्याचं फाइव्ह स्टार हॉटेल. आमचे बोर्डिंगमधून आले की आणखी कुठून, ते आता सिद्ध करता येणार नाही. पण पुण्यात परतल्यावर बाल्कनीतल्या स्लायडिंगच्या खाचेत मला सात सापडले. सातव्या मजल्यावर!

आता सोय चांगली आहे. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, मानेवर सोडायचे थेंब मिळतात. वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्यायच्या. फिटचा त्रास असेल तर आधी सांगायचं. ही गोळी पावसाळ्यात सुरू करून दिवाळीला बंद करायची नसते, पुण्याच्या हवेत गोचिडाला सुट्टी नाही. अंगावर सापडलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा आणि स्पिरिटमध्ये टाकायचा. काडी लावणं, रॉकेल ओतणं, नखाने चिरडणं, हे सगळं बाद. आत्या पूर्वी चिरडायची. डॉक्टरांनी तिला झापलं, तेवढाच मला आनंद.

हात फिरवायची सवय लागल्यापासून मला बाकीच्याही गोष्टी कळायला लागल्या. चारीत डुंबणाऱ्या लॅबचे कान लोंबते, आत ओल राहते, मग आंबूस वास आणि तपकिरी मळ. डोकं झटकत असेल तर कान बघा, पण कापसाच्या काड्या आत खुपसू नका. बरगड्या बोटांना लागायला हव्यात. कोकोच्या लागत नव्हत्या, 'हेल्दी आहे' म्हणून आम्ही तिला पाच किलो जास्त वाढवलं होतं. ऑपरेशन न केलेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत ढसाढसा पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. आणि आपल्या भागात द्राक्षं उदंड, तेवढी मात्र कुत्र्याला एकही नको, बेदाणेही नकोत. किडनी जाते. किती खाल्ली की जाते याचा हिशेब लागत नाही, कुणाला चार बाधतात, कुणाला मूठभर पचतात. कांदा-लसूण नको, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल नको, आणि आपली दुखण्यावरची आयबुप्रोफेन तर मुळीच नको.

आता आत्याची बाजू. नाहीतर तुम्हाला वाटेल, गावाला सगळं कळतं आणि आपणच येडे.

कोकोच्या औषधाच्या वेळी मी चंपीकडे बघायला लागले. पाठीवर काळे डाग. खरूज झाली होती म्हणून मामांनी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं होतं. कुत्रा ते चाटतो आणि ते पोटात जातं, शिवाय कातडी भाजते ती वेगळीच. गोचिडावर कुणीकुणी पिकावरचं फवारणीचं औषध लावतं, त्याने तर तोंडाला फेस येऊन, थरथरून कुत्रा मरतो. आदल्या वर्षी चंपीला पाच पिल्लं झाली होती. दोन महिन्यांची असताना आठवड्यात चार गेली. उलट्या, रक्ताची हगवण, भयंकर वास. 'नजर लागली,' आत्या म्हणाली. एवढं बोलून ती गप्पच झाली. चारही तिने स्वतः बांधाला पुरली होती, हे मामांनी नंतर सांगितलं.

ते वर्णन पार्व्होचं आहे. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला, आणि तो जमिनीत महिनोन्महिने टिकतो. फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं. लस मात्र आहे. माझ्या फाइलमध्ये तिची चार लेबलं चिकटवलेली आहेत.

आणि रेबीज. चंपीला एकदाही लस नव्हती. वस्तीवर चार लहान पोरं तिच्या अंगावर लोळतात. कुत्रं चावलं तर काय करता, विचारलं. उत्तर : तिखट भरतो, नाहीतर चुना. मी आत्याला समोर बसवून सांगितलं, की लक्षणं दिसली की हा आजार जवळजवळ कुणालाच सोडत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. डॉक्टर सांगतील ती सगळी इंजेक्शनं घ्यायची, मधलं एकही चुकवायचं नाही. जखम खोल असेल तर तिथेच द्यायचं वेगळं इंजेक्शनही असतं, ते विचारून घ्यायचं. आत्या ऐकत होती. मग म्हणाली, 'टोचून घिऊ की मग हिला. कुणी सांगितलंच न्हाई कधी.'

चंपीला टोचणं हा एक सोहळाच झाला. तोंडाला ओढणीची पट्टी, मामा मागून, मी पुढून, पोरं बाभळीवर चढून बसलेली. सुई लागली कधी ते तिला कळलंही नाही. एवढा गाजावाजा आपल्यासाठी का, याच विचारात असावी. आत्याने भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'चंपी सुई'. पुढच्या वर्षीचं काय, तर कॅलेंडरची ती पानं फाडून देव्हाऱ्यात ठेवलीत. तीच तिची फाइल.

कोकोच्या प्लेटलेट्स महिन्याभरात दोन लाखांच्या वर आल्या. आता रात्री नऊच्या सुमारास आत्याचा फोन येतो. जेवलीस का, पगार झाला का, लग्नाचं काय, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न. कालच्या फोनवर मी एका हाताने मोबाइल धरून दुसरा हात कोकोच्या काखेत घातला होता. 'काय लागलं का?' आत्या.

'बारीकसा एक लागलाय. नाही नाही... थांब, मस आहे बहुतेक.'

'बहुतेक काय? दिवा लाव आणि बघ.'